परसांतील कोंबडी आणि मानमोडी

हत्तींच्या रोगांवर आमच्याकडे पालकाप्याचा ग्रंथ आहे; घोड्यांच्या चिकित्सेस शालिहोत्राचें नांव जोडलेलें आहे; आणि ससाण्याला शिकार कशी शिकवावी, त्याला काय खाऊं घालावें व तो आजारी पडल्यास औषध काय द्यावें, हें सांगणारें ‘श्यैनिकशास्त्र’ कुमाऊंच्या रुद्रदेव राजानें संस्कृतांत लिहून ठेविलें आहे. राजाच्या दारीं जें जनावर बांधलें जातें त्याला वैद्य मिळतो आणि वैद्याला लेखणी मिळते, असाच हा प्रकार आहे. कोंबडी राजाच्या दारीं कधीं बांधली गेली नाहीं. ती परसांत हिंडली, उकिरडा उकरून तिनें पोट भरलें, रात्रीं ती खुराड्यांत शिरली. आणि तिचें सुखदुःख जिनें जवळून पाहिलें ती बाई लिहिणारी नव्हती. त्यामुळें ज्या देशाच्या रानांत या पक्ष्याचे जंगली भाऊबंद अद्यापि आरवतात, त्या देशांत त्याच्या पालनाचा, आणि विशेषतः त्याच्या रोगांचा, इतिहास लिहावयाचा तर तो परक्यांच्या ग्रंथांतून, प्रयोगशाळांच्या अहवालांतून आणि बायकांच्या तोंडच्या शब्दांतून वेंचावा लागतो. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांतील एकच धागा धरणार आहों, व तो म्हणजे मानमोडी. कुमाऊंचें नांव या कथेंत पुन्हां एकदां येणार आहे. पण तें ससाण्यामुळें नव्हे.

कोंबडीचें मूळ कोठलें हा प्रश्न जुना आहे. डार्विननें १८६८ सालीं पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथांत सर्व जातींच्या कोंबड्या एका तांबड्या रानकोंबड्यापासून निपजल्या असें मत दिलें होतें. तें मुख्यतः टिकलें. २०२० सालीं ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तीवरून नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या टापूंतील तांबड्या रानकोंबड्याची एक उपजाति ही पाळीव कोंबडीची मुख्य पूर्वज ठरते. पुढें २०२२ सालीं जुन्या हाडांची फेरतपासणी झाली. तींत निःसंशय पाळीव म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडमधील बान नॉन वात येथील ठरलीं, व त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० असा आला. त्या संशोधकांचा तर्क असा कीं, भाताच्या व भरडधान्याच्या शेतींत सांडलेले दाणे टिपण्यासाठीं हा पक्षी आपण होऊन रानांतून खालीं उतरला. म्हणजे माणसानें कोंबडीला धरून आणली असें म्हणण्यापेक्षां दाण्यांनीं तिला बोलावली असें म्हणणें अधिक खरें. यांत आमच्या सह्याद्रीसारख्या दक्षिणी डोंगरांचा वांटा नाहीं असें मात्र समजूं नये. कोंबडीच्या कातडीचा व पायांचा पिंवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून न येतां राखी रानकोंबड्याकडून आला, असें २००८ सालच्या एका अभ्यासानें दाखविलें. आणि हा राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाबाहेर रानांत सांपडत नाहीं. परदेशांतून येथें आलेल्या पिंवळ्या पायांच्या कोंबडीच्या अंगांतहि आमच्या रानाचा एवढा अंश आहे.

आमच्या वाङ्मयांत कोंबडा येतो तो पहाटेचा भालदार म्हणून. त्याला ताम्रचूड म्हणतात, चरणायुध म्हणतात. कार्तिकेयाच्या ध्वजावर तो बसलेला आहे. पाणिनीनें ह्रस्व, दीर्घ व प्लुत हे स्वरांचे भेद सांगतांना अ सोडून उ कां घेतला, याचें परंपरेनें दिलेलें उत्तर असें आहे कीं, कोंबड्याच्या आरवण्यांत हे तिन्ही उकार क्रमानें ऐकूं येतात. व्याकरणानें त्याला असा गुरु केला. स्मृतींनीं मात्र त्याला पंक्तीबाहेर उठविला. मनुस्मृतींत भूछत्र, लसूण, कांदा यांच्याबरोबर गांवकोंबडा बसविलेला आहे, आणि तो जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असा निर्णय दिला आहे. निषेधाचा रोख ‘ग्राम’ या विशेषणावर आहे हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. याहून मौजेची नोंद अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत सांपडते. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या या लेखांत अवध्य प्राण्यांची यादी आहे, आणि तिच्याच पुढें कोंबड्यांस खच्ची करूं नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. ज्या अर्थीं मनाई करावी लागली त्या अर्थीं इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकांत कोंबडे खच्ची करून पोसण्याचा प्रघात या देशांत चांगलाच रुळलेला असला पाहिजे. तो करणारे लोक कोण होते, ते पक्षी कसे ठेवीत, त्यांच्यांत साथ आली म्हणजे काय करीत, याविषयीं शिळा मुकी आहे.

रोमन लोकांत असें झालें नाहीं, कारण तेथील जमीनदारच शेतीवर ग्रंथ लिहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील कोल्युमेला यानें आपल्या कृषिग्रंथाचें आठवें पुस्तक घराजवळ पाळावयाच्या पक्ष्यांस वाहिलें आहे, आणि तें वाचतांना आपण कोंकणांतल्या एखाद्या पडवींत बसून घरधनिणीचें बोलणें ऐकत आहों असें वाटतें. पांढरी कोंबडी ठेवूं नये, ती नाजूक असते व आकाशांतून शिकारी पक्ष्याच्या नजरेस चटकन येते. खुराडें स्वयंपाकघराच्या धुराच्या वाटेवर असावें, तो धूर कोंबड्यांस मानवतो. पाण्याच्या भांड्यांत विष्ठा पडूं देऊं नये. जिभेवर पांढरा पापुद्रा धरला तर तेलांत भिजविलेला लसूण घशांत घालावा. लसणाविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. परंतु पाण्याविषयींच्या त्या वाक्यांत आजचा पशुवैद्य एक अक्षरहि बदलणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची कोंबडीशीं ओळख अंड्यांच्या पुठ्ठ्यापुरतीच असावयाची. म्हणून परसांतील कोंबडीच्या संसाराविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. खेड्यांतील बाई पांचदहा कोंबड्या बाळगते. त्यांच्यासाठीं ती खाद्य विकत आणीत नाहीं. सांडलेले दाणे, तांदळाच्या कण्या, कोंडा, खरकटें, आणि कोंबडी आपल्या नखांनीं उकरून काढील ते किडे व वाळवी, एवढ्यावर हें सर्व चालतें. अंडीं थोडींच मिळतात; पण त्यांतलीं कांहीं बाजारांत जातात, कांहीं घरांत लागतात, आणि कोंबडी खुडूक झाली म्हणजे राहिलेलीं तिच्याखालीं बसविलीं जातात. एकवीस दिवसांनीं पिलें बाहेर येतात. मग डालग्याखालीं त्यांना झांकणें, घारीवर व मुंगसावर नजर ठेवणें, पावसाच्या झडींत त्यांना चुलीजवळ घेणें हीं कामें सुरू होतात. पिलांची तलंग होईपर्यंत निम्मीं उरलीं तरी बाई समाधान मानते. किरकोळ दुखण्यांचे उपाय तिला ठाऊक असतात. उवा-पिसवा झाल्या तर कोंबड्यांना चुलीच्या राखेंत लोळूं द्यावें. अंड्याचें कवच मऊ येऊं लागलें तर शिंपल्या कुटून घालाव्या. पावसाळ्यांत पिलांना रक्ती हगवण लागली तर ओली जागा सोडून कोरडी धरावी. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं देवीचे फोड आले तर ती थोडें तेल लावते व वाट पाहते. बहुतेक कोंबड्या त्यांतून उठतात. या संसाराचें अर्थशास्त्र एका वाक्यांत सांगतां येतें. बैल विकला तर पैसे पुरुषाच्या हातीं जातात, कोंबडी विकली तर बाईच्या. वहीपेन्सिल, औषधाची बाटली, माहेरीं जाण्याचें मोटारभाडें हीं या खुराड्यांतून निघतात. पाहुणा आला तर एक कोंबडा कापला जातो तोहि याच खात्यांतून.

मानमोडी येते ती हें सर्व खातें एकदम मिटवावयास. प्रथम एकदोन कोंबड्या पिसें फुलवून कोपऱ्यांत उभ्या राहतात. चोंच उघडी टाकून त्या श्वास ओढतात, हिरवट, पातळ विष्ठा पडते, पंख लोंबतात. पुष्कळ तर याच स्थितींत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मरतात. ज्या त्यांतून तगतात त्यांच्या मज्जातंतूंवर रोग जातो, आणि मग तें दृश्य दिसतें ज्यावरून या रोगाला नांव मिळालें: मान पिळवटून पाठीवर किंवा पोटाखालीं जाते, पक्षी गोल गोल फिरतो, दाण्यावर मारलेली चोंच भलतीकडेच पडते. लस न टोचलेल्या कळपांत तीव्र जातीच्या विषाणूनें शंभरांतल्या नव्वदांहून अधिक कोंबड्या मरूं शकतात. आमच्या पाहण्यांतील एका घरीं सोमवारीं एकोणीस कोंबड्या होत्या आणि गुरुवारीं दोन उरल्या. घरच्या बाईनें खुराडें झाडलें, आंत गोवऱ्यांचा धूर केला, आणि तें उपडें घालून ठेविलें. बैल मेला असता तर गांव विचारपूस करावयास आला असता. कोंबड्यांसाठीं कोणी येत नाहीं, आणि कोणी यावें अशी तिचीहि अपेक्षा नव्हती. खरी खंत तिनें नंतर सांगितली, ती अशी कीं, पहिली कोंबडी झुकली तेव्हांच बाकीच्या बाजारांत नेऊन कां विकल्या नाहींत! तिचें दुःख आम्हांस समजतें. परंतु या रोगाच्या प्रसाराचा अर्धा इतिहास याच विचारांत सांठविलेला आहे. आजाराची चाहूल लागतांच विकलेला पक्षी आठवड्याच्या बाजारांतून चार गांवांच्या खुराड्यांत जातो, आणि रोग त्याच्या पायांबरोबर, डालग्याबरोबर, विकत घेणाराच्या वहाणांबरोबर प्रवास करतो.

या रोगावर औषध नाहीं; लस आहे. आणि लस ही वस्तु माणसाच्या हातीं आली तीच मुळीं कोंबडीच्या दुसऱ्या एका रोगामुळें, हें येथें सांगितलें पाहिजे. १८७९ सालीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर कोंबड्यांच्या ‘कॉलऱ्या’वर प्रयोग करीत होता. (माणसाच्या कॉलऱ्याशीं या रोगाचा संबंध नाहीं.) रोगाचे जंतु त्याला तूलूझच्या पशुवैद्यक विद्यालयांतील तूसें या प्राध्यापकाकडून मिळाले होते. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक आहे: उन्हाळ्याच्या सुटींत जंतूंची कुपी तशीच पडून राहिली, सुटीनंतर तींतील द्रव टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहींत, आणि त्यांना मागाहून ताजे जंतु टोचले तरीहि त्या जगल्या. पाश्चरच्या टिपणवह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अभ्यासकांस खुल्या झाल्या तेव्हां ही गोष्ट इतकी साधी नसल्याचें आढळलें. विसरलेल्या कुपीपेक्षां सहकारी एमिल रू याच्या महिनोन्महिने चाललेल्या चिकाटीच्या प्रयोगांचा त्यांत मोठा भाग होता. तें कसेंहि असो. १८८० च्या फेब्रुवारींत पाश्चरनें आपला शोध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें मांडला, आणि रोगाचा जंतु प्रयोगशाळेंत दुबळा करून त्याच्याकडूनच रोगाचा प्रतिबंध करवितां येतो हें तत्त्व त्या दिवसापासून जगाचें झालें. पुढल्याच वर्षीं मेंढ्यांवरील सांसर्गिक काळपुळीची लस आली, आणि १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची. जेन्नरच्या गौरवार्थ या सर्व द्रव्यांस गायीवरून निघालेलें ‘व्हॅक्सिन’ हेंच नांव द्यावें असें पाश्चरनें १८८१ सालीं लंडनच्या वैद्यकपरिषदेंत सुचविलें. गायीचें नांव राहिलें. कोंबडीला तो मान मिळाला नाहीं.

दुसरें ऋण जावा बेटांतील आहे. बेरीबेरी नांवाचा, पाय लुळे करणारा रोग तेथील सैनिकांस व कैद्यांस होत असे. ख्रिस्तियान आइकमान हा डच वैद्य त्याचा जंतु शोधण्यासाठीं बटेव्हियांत कोंबड्या बाळगून होता. १८८९ सालीं त्याच्या कोंबड्यांचे पाय लटपटूं लागले; ज्यांना कांहींच टोचलें नव्हतें त्यांचेहि. मग एकाएकीं सगळ्या बऱ्या झाल्या. चौकशींतीं निघालेलें कारण हांसूं येण्यासारखें आहे. मधले कांहीं महिने कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, आणि लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देण्याचें त्यानें नाकारलें. त्या आडमुठेपणानें जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा दरवाजा उघडला. आइकमानला स्वतःला कारण नीट कळलें नाहीं. सडतांना तांदळाच्या कोंड्याबरोबर कांहीं आवश्यक द्रव्य निघून जातें हें त्याचा सहकारी ग्रेन्स यानें १९०१ सालीं मांडलें. नोबेल पारितोषिक आइकमानला १९२९ सालीं मिळालें. आमच्या खेड्यांतील बाई कोंबड्यांना कोंडा घालते ती काटकसर म्हणून. त्यांत त्यांचे पायहि शाबूत राहतात.

आतां आपल्या देशाकडे येऊं. पशुरोगांवरील संशोधनाची पहिली सरकारी प्रयोगशाळा हिंदुस्थानांत निघाली ती आमच्या पुण्यांत, १८८९ सालीं. आल्फ्रेड लिंगार्ड हा तिचा प्रमुख होता. तिच्यापुढें मुख्य काम होतें तें गुरांच्या बुळकांडीचें. कोंबडीचा विचारहि कोणाच्या मनांत नव्हता. १८९३ सालीं ही प्रयोगशाळा थंड व एकांत जागा म्हणून कुमाऊंच्या डोंगरांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आणि कांहीं नशिबाची गोष्ट अशी कीं, पस्तीसएक वर्षांनीं एक नवा रोग जणूं तिचें घर शोधीतच तेथें आला. मुक्तेश्वरपासून फार दूर नसलेल्या राणीखेत या छावणीच्या गांवीं कोंबड्यांत मोठी साथ उद्भवली, आणि मुक्तेश्वरचे प्रमुख एडवर्ड्स यांनीं १९२८ सालीं तिचें वर्णन ‘राणीखेतचा रोग’ म्हणून केलें. त्याच सुमारास, १९२६ सालीं, जावांत क्रानेवेल्डनें आणि इंग्लंडांत न्यूकॅसल बंदराजवळील कोंबड्यांत डॉइलनें अगदीं असाच रोग पाहिला होता. मागाहून तिन्ही एकच ठरले. जगानें न्यूकॅसलचें नांव उचललें, आम्हीं राणीखेतचें. चीडपाइनच्या सावलींतलें तें सुंदर गांव आज अर्ध्या देशाला कोंबडीच्या मरणामुळेंच ठाऊक आहे, हा त्यावर अन्यायच होय. पण ‘मानमोडी’ म्हणणाऱ्या बायकांच्या हातून तो घडलेला नाहीं. त्यांनीं रोगाला गांव चिकटविला नाहीं, जें डोळ्यांना दिसलें तेंच सांगितलें.

लसहि मुक्तेश्वरलाच तयार झाली. हॅडो व इदनानी या संशोधकांनीं १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत राणीखेतचा विषाणु कोंबडीच्या उबविलेल्या अंड्यांतून पुनःपुन्हां नेऊन दुबळा केला. तो आजहि ‘मुक्तेश्वर’ याच नांवानें जगभर ओळखला जातो. या लसीचा गुण असा कीं, एकदां टोचली म्हणजे प्रतिकारशक्ति दीर्घकाळ टिकते. दोष असा कीं, ती अगदींच गरीब नाहीं, कोंवळ्या पिलांना ती मारूं शकते. म्हणून पहिल्या आठवड्यांत पिलांच्या डोळ्यांत किंवा नाकांत सौम्य जातीच्या लसीचा थेंब घालावयाचा, आणि सुमारें आठ आठवड्यांनीं मुक्तेश्वरची टोंचावयाची, असा क्रम पडला. सौम्य लसी पुढील काळांत इंग्लंड-अमेरिकेंतून आल्या. शास्त्राचा भाग येथें जवळजवळ पुरा झाला.

मग परसांतील कोंबडी अजून कां मरते? याचें उत्तर प्रयोगशाळेंत नाहीं, कुपींत आहे. लस ज्या बाटलींत येते तींत शेंकडों कोंबड्यांचे डोस असतात. बाईजवळ कोंबड्या दहा. लस २ ते ८ अंश उष्णतामानांत ठेवावी लागते. वाडीपर्यंत पोंचेतों बर्फ विरघळतो. एकदां द्रवांत कालविली म्हणजे दोन तासांच्या आंत ती संपविली पाहिजे. आणि तेवढ्या वेळांत पन्नास घरांच्या कोंबड्या एका जागीं मिळणें हें गांवजेवण घालण्याहून कठीण. हजारों पक्ष्यांच्या बंदिस्त पोल्ट्रीला यांतली एकहि अडचण नाहीं. त्यामुळें लस जन्मल्यापासून तिचा खरा लाभ मोठ्या धंद्यास झाला, आणि तो धंदा तिच्याच जिवावर वाढला असें म्हणण्यास हरकत नाहीं. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेंत देशांत एकंदर सुमारें ८५ कोटी कोंबड्या-बदकें मोजलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें ३१ कोटी ७० लाख परसांतील होतीं, आणि ही संख्या मागील गणनेपेक्षां सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढलेली होती. परसांतील कोंबडी हा जाऊं घातलेला जुना प्रकार आहे असें समजणाऱ्या शहरी वाचकांनीं हा आंकडा पुन्हां एकदां वाचावा. बर्फाच्या अडचणीवर तोड निघालेली आहे. ऑस्ट्रेलियांत १९६६ सालीं कोंबड्यांत एक असा निरुपद्रवी विषाणु सांपडला कीं जो उष्णता बराच काळ सोसतो. त्याच्या वळणावर क्वीन्सलंडच्या विद्यापीठांत पीटर स्प्रॅडब्रो यांनीं मुद्दाम खेड्यांतील कोंबड्यांसाठीं लस सिद्ध केली. मोझांबिक व टांझानियांत ती खेडोपाडीं डोळ्यांत थेंब टाकून दिली जाते, आणि तें काम पुष्कळ ठिकाणीं गांवच्या बायकाच करतात.

‘मानमोडी’ या शब्दाला आणखी एक इतिहास आहे, आणि तो माणसांचा आहे. १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझाची साथ मुंबई बंदरांतून आंत शिरली तेव्हां महाराष्ट्रानें तिलाहि मानमोडीच म्हटलें. जुन्या पिढीच्या तोंडीं ‘मानमोडीचें वर्ष’ म्हणजे तें वर्ष. माणसाच्या तापाला व कोंबडीच्या रोगाला एकच शब्द, यांत शास्त्रदृष्ट्या घोटाळा आहे. कारण राणीखेतचा विषाणु निराळ्या कुळांतला, माणसाला त्याची बाधा झालीच तर डोळे येण्यापलीकडे बहुधा जात नाहीं. परंतु घोटाळ्याच्या पोटांत एक चमत्कारिक सत्य दडलेलें होतें. इटलींत पेर्रोनचितो यानें १८७८ सालीं कोंबड्यांच्या एका भयंकर मरीचें वर्णन केलें होतें. ती मरी म्हणजे पक्ष्यांतील इन्फ्ल्युएंझाच, हें १९५५ सालीं जर्मनींत शेफरनें सिद्ध केलें. पुढें २००५ सालीं १९१८ च्या विषाणूचीं जनुकें जुन्या अवशेषांतून पुरीं वाचण्यांत आलीं, तेव्हां तीं पक्ष्यांतील विषाणूंच्या फार जवळचीं आढळलीं. म्हणजे माणसाची मानमोडी पाखरांच्या घराण्यांतली होती. आणि पाखरांची खरी इन्फ्ल्युएंझा मात्र दुसरीच, जिला आमच्याकडे तोंवर नांवच नव्हतें.

तें नांव आम्हांस नवापूरनें शिकविलें. नंदुरबार जिल्ह्यांत, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यांत मोठाल्या पोल्ट्र्या आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं आदिवासींचे पाडे. २००६ च्या आरंभीं तेथें कोंबड्या मरूं लागल्या तेव्हां हा राणीखेतच असावा असा पोल्ट्रीवाल्यांचा समज होता. तो समज खुळा नव्हता. दोन्ही रोगांत कोंबडी तशीच झुकते, तशीच धापते, तशीच मरते. प्रयोगशाळेवांचून भेद करतां येत नाहीं. भोपाळच्या प्रयोगशाळेनें भेद केला, आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजीं भारतांतील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. नियम असा कीं, केंद्रापासून ठरलेल्या अंतरावरचा प्रत्येक पक्षी मारावयाचा, आजारी असो वा धडधाकट. पांढरे सदरे व मुखवटे घातलेलीं माणसें प्रथम पोल्ट्र्यांत गेलीं आणि मग पाड्यांत. लक्षावधि पक्षी मारले गेले. सरकारनें भरपाई दिली. परंतु खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांचा, पुढल्या हंगामाच्या पिलांचा व आईपासून लेकीकडे आलेल्या वाणाचा भाव कोणत्या कोष्टकांत बसवावयाचा? २००८ सालीं पश्चिम बंगालांत बीरभूमपासून हीच साथ पसरली, आणि तेथें तर बहुतेक कोंबड्या परसांतल्याच होत्या. सरकारी माणसें आलीं कीं बायका-मुलें कोंबड्या घरांत, टोपल्यांखालीं लपवूं लागलीं. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, अशी आमच्यांत म्हण आहे. पण ज्या घरीं कोंबडें हीच सगळी शिल्लक असते तेथें तें झांकण्याची बुद्धि होणारच, आणि त्या बुद्धीला केवळ अडाणीपणा म्हणणें आम्हांस पटत नाहीं. ज्या बाईच्या कोंबड्या दरवर्षीं मानमोडीनें मरतात व त्यांचा पंचनामा कोणी करीत नाहीं, तिच्या दारीं सरकार प्रथमच येतें तें उरलेल्या मारावयास. तिनें त्या आगंतुकांवर कशाच्या बळावर विश्वास ठेवावा? नवापूरला ही साथ २०२१ सालीं पुन्हां आली, आणि पुन्हां तेंच सर्व घडलें.

विश्वास बसतो तो अगोदरच्या भेटींनीं. ज्या वाडींत लस टोचणारा साथ येण्यापूर्वीं, मागच्या सालीं, त्याच्या मागच्या सालीं येऊन गेला आहे, तेथें तो वाईट बातमी घेऊन आला तरी दार उघडलें जातें. या कामाची एक अडचण कोणत्याहि अहवालापेक्षां बायकांच्या तोंडून लवकर कळते. परसांतील कोंबडी दिवसां हातीं लागत नाहीं. एकदां खुराड्याचें दार निघालें कीं कोणी बांधावर, कोणी गोठ्याच्या आढ्यावर, कोणी शेजारच्या उकिरड्यावर. पन्नास घरच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत दोन तासांत थेंब घालावयाचा तर आदल्या रात्रीं घरोघर निरोप द्यावा लागतो कीं उद्यां खुराडीं उघडूं नका, आणि लसीची पेटी घेऊन येणाऱ्यानें कोंबडा आरवण्याच्या आधीं वाडींत येऊन उभें राहावें लागतें.